मामा तलाव, ढिवरांचं ज्ञान आणि बदलतं हवामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात समुद्रच नाही. मग समुद्र वाचवण्याच्या गोष्टीत आपल्या तलावांचा काय संबंध?

पाण्याची वाट पाहिली की संबंध कळतो. भंडारा-गोंदियाच्या तलावांवरून सांडणारं पाणी वैनगंगेला जातं. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. धानाच्या बांध्यांतून (शेतांतून) वाहून गेलेला युरिया, फवारणीचं औषध, प्लास्टिक, सगळं त्याच वाटेनं जातं. वाटेतल्या तलावात दाट पाणवनस्पती असल्या तर गाळ आणि नत्राचा बराच भाग तिथेच थांबतो.

समुद्राकडूनही आपल्याकडे येणं असतं. अहीर हा सापासारखा लांब मासा नदीत वाढतो, पण विणीसाठी समुद्रात जातो आणि त्याची पिलं नदीनं वर येतात. गोदावरी झिंग्याच्या पिलांना सुरुवातीचे काही आठवडे खाऱ्या-गोड्या मिसळीचं पाणी लागतं, नंतर ती प्रवाहाच्या उलट चढतात. खाली धवलेश्वरमपासून वर गोसेखुर्दपर्यंत जागोजागी नदी अडवली आहे, त्यामुळे ही चढ-उतर तुटली. आणि पाऊस? पूर्व विदर्भाला धानापुरता पाऊस मिळतो तो मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. तो समुद्र तापला की इकडच्या पावसाची चाल बदलते.

ज्ञानाच्या बाबतीतही दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे. प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर मासे विणीला जमतात त्या जागा ठरावीक काळ बंद ठेवण्याची जुनी प्रथा आहे, तिला ‘बुल’ म्हणतात. त्याच प्रथेच्या आधारानं पलाऊनं १ जानेवारी २०२० पासून आपल्या सागरी हद्दीचा ८० टक्के भाग व्यापारी मासेमारीला बंद केला. आपल्याकडचे ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार, तलावाच्या उथळ टोकाला विणीच्या दिवसांत जाळं टाकत नसत, ती समज याच जातीची.

मामा तलाव म्हणजे काय?

माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि काही प्रमाणात नागपूर जिल्ह्यात मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. बरेचसे गोंड राजांच्या काळात बांधले गेले. तलाव बांधणाऱ्याला त्याच्याखाली भिजणारी जमीन देण्याची पद्धत होती, आणि या कामात कोहळी समाजाचा हात कुणी धरू शकत नसे. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं ओळखला जातो. इंग्रजी अमलात मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करून भरणारे जमीनदार, मालक झाले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारकडे आले आणि त्याबरोबर गावानं स्वतः पाळ दुरुस्त करण्याची सवय हळूहळू मोडली. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे.

तलावाचे भाग कोणते, आणि बिघाड कुठे होतो?

मातीचा बांध ती पाळ. शेताला पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडुम. जास्तीचं पाणी जिथून सांडतं ती सलंग. पुढे पाट, आणि पाळीच्या विरुद्ध बाजूला पाणी जिथे पातळ होत जातं ते उथळ टोक. सरकारी नकाशात या उथळ टोकाला काही किंमत नसते, पण मासे आणि पाखरं यांच्यासाठी तलाव म्हणजे मुख्यतः तेवढंच.

सर्वात जास्त घोटाळा सलंगेवर होतो. पाणी जास्त साठावं म्हणून कुणीतरी सलंगेवर रेतीच्या पोत्यांची थप्पी लावतो. दहा हेक्टरच्या तलावात एक फूट पाणी वाढलं तर तीस हजार घनमीटर जास्त मिळतं, हे खरं. पण पाळीचा माथा आणि पाण्याची पातळी यांतलं अंतर तेवढंच कमी होतं. आता पाऊस महिनाभर सारखा पडत नाही, एका रात्रीत धो धो पडतो. पाणी पाळीवरून गेलं की मातीची पाळ तासाभरात फुटू शकते.

दुसरा घोटाळा जाळीचा. सोडलेले मासे पळू नयेत म्हणून सलंगेच्या तोंडाला बारीक जाळी ठोकतात. तिच्यात पाला, गवत, जलकुंभी अडकते आणि सलंग बंद होते. जाळी लावायचीच असेल तर सलंगेच्या तोंडाला न लावता आठ-दहा फूट आत, अर्धगोल, सलंगेच्या रुंदीच्या किमान तिप्पट लांबीची लावा. भोक एक इंचाहून बारीक नको. पावसाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ कचरा काढायला माणूस ठरवा. माणूस मिळत नसेल तर जाळी लावू नका, मासे गेलेले परवडतात.

पाळीवरची जुनी झाडं तोडून पाळ ‘साफ’ करण्याचंही एक वेड आहे. झाड तोडलं की मुळं दोन-चार वर्षांत कुजतात आणि त्यांच्या पोकळीतून पाणी पाझरायला लागतं. मोठं झाड असू द्या, नवं झाड मात्र पाळीवर लावू नका.

ढिवरांचं ज्ञान म्हणतात ते नेमकं कोणतं?

मंत्र-तंत्र नव्हे, आणि निव्वळ मासे पकडण्याचं कसबही नव्हे. कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, काय खातो, अंडी कुठे चिकटवतो, कोणत्या पाण्याला हलतो, याची ती पिढ्यान्‌पिढ्यांची जुळणी आहे. मरळ गवत आजूबाजूला सारून घरटं करते आणि पिलं मोठी होईपर्यंत नर-मादी त्यांच्याखाली पहारा देतात. पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला की खाली जोडी आहे हे ढिवराचं पोरही सांगतं. गावरान मांगूर चिखलात तग धरतो, पण विणीला त्याला पावसाचं नवं उथळ पाणी लागतं. शिंगटा, पोष्टी, वाम यांच्या जागा वेगळ्या. देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानटी धान, जिथे दाट तिथे लहान मासे आणि झिंगे जास्त.

यातला वनस्पतींचा मोठा भाग बायांना ठाऊक असतो, कारण काठावर त्यांचा वावर जास्त. माहिती गोळा करायला गेलेले लोक पुरुषांशी बोलून परततात आणि मग ‘आता कुणाला काही आठवत नाही’ असा शेरा लिहितात.

हवामानच बदललं, तर जुनं ज्ञान काय कामाचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं हे ज्ञान म्हणजे पंचांग : मिरगात हे, आर्द्रेत ते. नक्षत्राचं नाव ही फक्त आठवणीची खुंटी. खरं ज्ञान क्रमाचं असतं. नाल्यातून पहिला गढूळ लोंढा आला, तलावाचं पाणी गार पडलं, उथळ टोकाचं वाळलेलं गवत बुडालं, मग मासा चढला, मग वीण. मृग लागतं ७-८ जूनलाच, पण लोंढा हल्ली जूनअखेर किंवा जुलैतही येतो. तारीख चुकली म्हणून क्रम चुकत नाही. म्हणून मासेमारी बंद ठेवायचे दिवस तारखेवर बांधू नका, खुणेवर बांधा : पहिला लोंढा तलावात शिरला त्या दिवसापासून ४५ ते ६० दिवस.

क्रमही तुटतो, तिथे मात्र खरी अडचण आहे. लोंढा येतो, मासा अंडी घालतो, आणि पुढे पंधरा-वीस दिवस पाऊस गायब. उथळ टोक उघडं पडतं आणि अंडी-पिलं वाळतात. किंवा मे महिन्यातच अवकाळी वादळी पाऊस येऊन मासा फसतो. याला जुन्या ज्ञानात तयार उत्तर नाही, कारण अशी वेळ क्वचित यायची. यावर काम करणारे दोनच उपाय दिसतात. उथळ टोकाला तीन-चार फूट खोल, दहा-बारा फूट व्यासाचे खळगे ठेवायचे आणि ते खोल पाण्याशी हातभर रुंद चरानं जोडायचे, म्हणजे पाणी हटलं तरी पिलं चरातून सरकतात. दुसरं, काठाला वनस्पती दाट ठेवायच्या, म्हणजे त्यांच्या सावलीत पाणी कमी तापतं.

रोहू-कतला सोडतोच की आम्ही. गावरान मासे कशाला?

रोहू, कतला, मृगल सोडू नका असं कुणी म्हणत नाही. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातल्या अंगुलला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून बीज हवं तेवढं मिळू लागलं आणि मासेमारांच्या सोसायट्यांना त्याचा पैसा मिळाला. पण हे मासे तलावात स्वतःहून सहसा वीत नाहीत, म्हणजे बीज दर वर्षी विकत. तलाव फेब्रुवारीत आटला तर तीन-चारशे ग्रॅमचा मासा विकावा लागतो. गावरान मासा तलाव स्वतः देतो, मरळ आणि मांगूर हवेतला श्वास घेतात म्हणून कमी पाण्यात टिकतात, जिवंत बाजारात जातात आणि भावही चांगला मिळतो. पाऊस बेभरवशाचा झाला की दोन्ही असणं शहाणपणाचं.

खाद्य न घालता मासे वाढवायचे असतील तर हेक्टरी दोन-अडीच हजारांच्या वर बोटुकली (बोटाएवढी पिलं) नको, आणि बोटुकली तीन-चार इंचांची असू द्या. मत्स्यजिरे (जिऱ्याएवढी कोवळी पिलं) सोडले तर ते मरळीचं खाद्य होतं, मग ‘मरळ मारा’ अशी ओरड सुरू होते. पिशवी आणली की लगेच ओतू नका. पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्या. उन्हात आणलेली पिशवी सरळ रिकामी केली की निम्मी बोटुकली तळाला जाते आणि दोष बीजाला दिला जातो.

गवत्या मासा सोडावा का?

पाणवनस्पती वाढवायच्या असतील तर नाही. गवत्या (ग्रास कार्प) हा परदेशी मासा भारतात १९५९ मध्ये आणला गेला. गरम पाण्यात तो दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतकं गवत खातो, आणि कोवळ्या, कामाच्या वनस्पतींपासून सुरुवात करतो. बेशरम या काठावर माजणाऱ्या विषारी झुडपाला तोंड लावत नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग खाली ऊन पोचत नाही आणि बुडालेल्या वनस्पती मरतात. विदेशी मांगुरावर तर देशात बंदी आहे. बीज घेताना पिशवीत तो मिसळलेला नाही ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.

बेशरम कशी काढायची?

कापून नाही. कापलेला प्रत्येक तुकडा ओल्या चिखलात नवं झाड होतो, त्यावरूनच तिचं नाव पडलं. एप्रिल-मे मध्ये काठ कोरडा असताना कुदळीनं मुळासकट उपटा. बुंधा जाड असेल तर सब्बल (पहार) लागते. काढलेली झाडं तलावाच्या पोटात ढीग करून ठेवू नका, पाळीच्या पलीकडे उंच कोरड्या जागी मुळं वर करून पसरा. तीन-चार आठवड्यांच्या उन्हात ती जळणासारखी होतात. त्याआधी पाऊस आला तर त्यांना पुन्हा कोंब फुटतात. शेळ्यांना त्यात जाऊ देऊ नका, तिचा पाला विषारी आहे.

पहिल्या वर्षी मोकळी केलेली जागा दुसऱ्या वर्षी पुन्हा फिरून पाहावी लागते. राहिलेल्या मुळांतून दिवाळीच्या सुमारास फूट दिसते, तेव्हा हातानंही निघते. मोकळ्या जागेत त्याच पावसात काहीतरी लावलं नाही तर बेशरम परत आलीच समजा.

मग लावायचं काय, आणि कसं?

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवरांच्या सोसायट्या, बायांचे गट आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी हे काम बरंच केलं आहे. बाहेरून रोपं आणायची नाहीत, शेजारच्या ज्या तलावात वनस्पती शाबूत आहेत तिथलीच घ्यायची, हे त्यातलं मुख्य सूत्र.

जागा पाण्याच्या खोलीवर ठरते. काठाच्या ओल्या पट्ट्यात देवधान आणि लव्हाळ्याच्या जाती. एक ते तीन फूट पाण्यात मुळं खाली आणि पान वर तरंगणाऱ्या, म्हणजे कमळाच्या, कुमुदाच्या प्रकारच्या. तीन ते सहा फुटांत पूर्ण बुडालेल्या : हायड्रिला, पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया, शेपटीसारखी दिसणारी सिरॅटोफायलम. गावागावात यांची नावं वेगळी आहेत, म्हणून नावावर जाऊ नका, ढिवराला रोप दाखवून विचारा.

उन्हाळ्यात जागा नांगरून किंवा खोदून मऊ करा. पहिला तुकडा वीस बाय वीस फुटांचा पुरे. दीड फुटावर एक चूड (रोपांची जुडी) लावली तर त्यात पावणेदोनशेच्या आसपास चुडा बसतात, आणि चार बाया एका दिवसात हे काम उरकतात, कारण धानाच्या रोवण्यासारखंच काम आहे. रोपं मुळाच्या चिखलासकट काढा, ओल्या पोत्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. बुडालेल्या वनस्पतींची बुडं मुठीएवढ्या चिकणमातीच्या गोळ्यात दाबून गोळा पाण्यात सोडायचा, नाहीतर ती तरंगून वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा होतात. भोवती बांबूच्या कामट्यांचं कुंपण घाला, कामट्यांत बोटभर फट ठेवा. बाहेरचे मोठे मासे, म्हशी आणि बदकं यांना अडवायचं, लहान मासे आत जाऊ द्यायचे.

इथे जे बिघडतं ते असं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळं लावून टाकलं आणि चार दिवसांत पाणी चार फूट चढलं तर नवी रोपं अंधारात कुजतात. म्हणून निम्मी रोपं लोंढा येऊन गेल्यावर आणि निम्मी सप्टेंबरमध्ये, पाणी सलंगेला थांबल्यावर लावा. पाणी फार गढूळ असेल तर बुडालेल्या वनस्पतींची घाई नको, आधी काठाचा पट्टा जमू द्या, गढूळपणा त्यानंच कमी होतो. आणि हायड्रिला बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, लावू नका, ती बोडी भरून टाकते.

गाळ काढला की तलाव सुधारतो ना?

अर्धं खरं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि गाळ शेतात जाणं चांगलंच. पण जेसीबीवाल्याला घनमीटरवर पैसे मिळतात, त्यामुळे तो जिथे उभा राहायला सोपं तिथे खोल, उभ्या कडांचा खड्डा करतो. उभ्या कडेला वनस्पती धरत नाही आणि माशांना चरायला काठ राहत नाही. पोरं बुडण्याचा धोका तर आहेच. वरच्या वीतभर गाळात देवधानाचं बी, कमळाचे कंद, वनस्पतींच्या गाठी असतात. तो थर सरसकट गेला की तलाव खोल होतो आणि ओसाड पडतो.

त्यामुळे काम सुरू होण्याआधी ढिवरांना घेऊन तलावात फिरा आणि उथळ टोकाचा किमान एक तृतीयांश भाग खुंट्या मारून राखून ठेवा. पाळीच्या बुडापासून पाळीच्या उंचीच्या पाचपट अंतर सोडा, म्हणजे पाळ १२ फुटांची तर ६० फूट. त्याच्या आत खोदलं तर पाळीखालून पाझर सुरू होतो आणि तो बंद करता येत नाही. उतार एकास चारपेक्षा उभा नको. खाली मुरूम किंवा पिवळी माती दिसली की थांबा. जुन्या तलावाचा तळ शतकानुशतकं मुरून घट्ट झालेला असतो, तो फोडला की पाणी झिरपून जातं, आणि मग ‘गाळ काढूनही तलाव लवकर आटतो’ याचं सगळ्यांना नवल वाटतं.

शेतासाठी हिशेब : एकरावर दोन इंच थर म्हणजे साधारण २०० घनमीटर, तीन घनमीटरच्या ट्रॉलीनं पासष्ट ते सत्तर खेपा. त्याहून जाड थर एकाच वर्षी नको. धानाच्या बांधीत निचरा आधीच कमी असतो.

उन्हाळ्यात माशांसाठी किती पाणी राखायचं?

मे महिन्यात उघड्या तलावातून रोज सुमारे १० मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, महिन्याला एक फूट. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत धरा तीन फूट. त्यावर थोडा पाझर. मृगाच्या वेळी डोहात चार फूट पाणी हवं असेल तर होळीच्या सुमारास तिथे सात-साडेसात फूट असलं पाहिजे. डोह तलावाच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला तरी चालतो.

भांडण उन्हाळी धानाशी होतं. तुडुम पूर्ण उघडून किंवा मोटार लावून शेवटचं पाणी उपसलं जातं आणि गावरान मासा त्या एका आठवड्यात संपतो. यावर उपाय तांत्रिक नाही. जानेवारीतल्या ग्रामसभेत शेतकरी आणि सोसायटी यांनी बसून पाण्याची एक पातळी ठरवावी आणि तुडुमाच्या दगडावर रंगानं रेघ मारावी. पाणी रेघेखाली गेलं की मोटार बंद. तोंडी ठरलेलं मार्चपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही, रेघ राहते.

पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसतात. काय करावं?

पाण्यात प्राणवायू कमी पडला. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांत ६.९. त्यात रात्री शेवाळ आणि वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाट सर्वात वाईट. तीन मिलिग्रॅमखाली गेलं की रोहू-कतलाला धोका सुरू होतो. उन्हाळ्यात ढगाळ, वारा बंद असे दोन दिवस लागले की हमखास.

त्या दिवशी खाद्य, शेण, युरिया काहीही टाकू नका. पंपानं तलावाचंच पाणी उचलून चार-पाच फुटांवरून परत पडू द्या, पहाटे ३ ते ७. मोठे मासे काढून गर्दी कमी करा. चुना टाकला की झालं असा समज आहे, पण चुना प्राणवायू देत नाही. आगाऊ ओळखायची सोपी खूण अशी : कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा कोपराच्या आधीच दिसेनासा झाला आणि पाणी हिरवंगार असेल तर शेवाळ जास्त झालं आहे. कोपर बुडताना तळवा अंधूक दिसला तर ठीक.

जाळं कोणतं वापरावं?

मच्छरदाणीचं कापड अजिबात नको, त्यात पुढच्या वर्षीचा मासा जातो. डोळा मोजताना जाळं ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर घ्या. सैल जाळं मोजून केलेले नियम फसवे असतात. पिलांचा घोळका सांभाळणारी मरळ पकडू नका. जोडी गेली की पिलं दोन दिवसांत दुसरे मासे खातात.

शिंगाड्यामुळे तलाव खराब होतो का?

शिंगाड्यामुळे नाही, फवारणीमुळे. पानं खाणाऱ्या भुंग्यासाठी सरळ पाण्यावर औषध मारतात, आणि तेच पाणी मासे आणि गुरं पितात. लागवड तलावाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. कीड सुरुवातीला कडेच्या काही वेलांवर असते, तेव्हाच पानांमागची अंडी-अळ्या पानासकट काढून तलावाबाहेर पुरल्या तर बहुतेक वेळा भागतं.

सारसासाठी वेगळं काही करावं लागतं?

महाराष्ट्रात सारस राहिले ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात. उथळ टोक आणि देवधान राखलं तर त्यांचं बरंचसं काम होतं. बांधीत घरटं दिसलं तर त्याभोवतीचा तुकडा शेवटी कापा.

तलावावर हक्क कुणाचा?

मालकी सरकारची, मासेमारीचा ठेका सोसायटीचा, निस्तार (रोजच्या वापराचा हक्क) गावाचा, पाणी शेतकऱ्याचं. गुंता इथेच आहे. तलाव वनहद्दीत असेल किंवा गाव जंगलावर अवलंबून असेल तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(१)(डी) पाहा : पाणवठ्यांतले मासे आणि इतर उपज यांवर सामूहिक हक्क मागता येतो. आदिवासी नसलेल्या अर्जदारांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ढिवरांच्या बाबतीत जुनं निस्तारपत्रक आणि वयस्कांचे जबाब इथे उपयोगी पडतात. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा (अशा क्षेत्रातल्या पंचायतींचा) कायदाही लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायत-ग्रामसभेच्या पातळीवर देतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामुळे कागद कसे जोडायचे हे तिथल्या आजूबाजूच्या गावांना चांगलं माहीत आहे.

म्हाताऱ्या ढिवरांकडचं ज्ञान लिहून कसं ठेवायचं?

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती एजन्सीनं भरलेली, शेजारच्या गावाची नक्कल असते. तलावाची पानं नव्यानं भरा. घरात बसून विचारू नका, काकाजींना आणि बायांना तलावावर न्या. ‘कोणते मासे होते?’ या प्रश्नाला यादी मिळते, तिचा फार उपयोग नाही. ‘हा मासा कुठे सापडायचा, पोटात काय निघायचं, कोणत्या पाण्याला हलायचा, शेवटचा कधी पाहिला?’ असं एकेका माशाबद्दल विचारा. शेवटचं वर्ष आठवत नसेल तर लग्न, पूर, दुष्काळ यांवरून काढा.

शिवाय दर वर्षी सहा तारखा लिहा : पहिला लोंढा, पहिला चढणीचा मासा, मरळीच्या पिलांचा पहिला घोळका, सलंग सुरू झाली तो दिवस, सलंग बंद झाली तो दिवस, आणि उन्हाळ्यात पाणी सर्वात खाली गेलं तो दिवस. नोंदवहीत सांगणाऱ्याचं नाव घालायचं की नाही हे त्यालाच विचारा. मरळीच्या डोहासारख्या जागा गावापुरत्या ठेवायच्या असतील तर त्या पानाची झेरॉक्स बाहेर देऊ नका.

एवढं केल्यावर फरक किती दिवसांत दिसतो?

पहिल्या पावसाळ्यानंतर फक्त कुंपणाच्या आतलं पाणी निवळलेलं दिसतं. कोपराची परीक्षा आत आणि बाहेर करून बघा. दुसऱ्या वर्षी वनस्पती कुंपणाबाहेर पसरू लागतात आणि तिथे पोष्टी-झिंगे मिळतात. पसरल्या नाहीत तर बहुधा गवत्या मासा शिल्लक आहे, तो आधी काढा. तिसऱ्या वर्षी वनस्पती बाहेर हातभर तरी टिकून असतील तर कामट्या उपटून दुसऱ्या तुकड्याला लावा.